लाल शेरा आणि उसनी वाक्यं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ३९ वर्षांची, कळव्याला राहते. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. शिक्षण मराठी माध्यमातून, इंग्रजी पाचवीपासून. ऑफिसचे मेल आणि जॉइनिंग लेटर मी रोज इंग्रजीत करते, पण ते ठरलेल्या साच्यातलं असतं. नोकरी सांभाळून एमबीए करतेय. शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट रिपोर्ट होता: ‘कंत्राटी कामगार वर्षाच्या आत नोकरी का सोडतात’. गाइडनी तो परत पाठवला. उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं ३४ टक्के मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो असं दाखवलंय आणि वर लाल शेरा आहे: ‘ग्रामर वीक. सोर्सेस नॉट सायटेड. व्हॉट इज युअर आर्ग्युमेंट?’ माझी वाक्यं घरगुती वाटतात म्हणून नेटवरची चांगली वाक्यं घेतली होती, चोरीचा हेतू नव्हता. आता घरातलं ग्रामरचं जाडं पुस्तक पहिल्या पानापासून धरलंय, अजून नाउनवरच अडकलेय. इंग्रजी माध्यमात नववीत असलेला मुलगा माझी वाक्यं मोठ्यानं वाचून हसतो. एक मैत्रीण म्हणते शब्द बदलून देणारं टूल वापर, दुसरी म्हणते स्टेशनजवळ एक जण पैसे घेऊन रिपोर्ट ‘क्लीन’ करून देतो. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा असंही मनात येतं. हातात तीन महिने आहेत. आधी ग्रामर पक्कं करू की रिपोर्टला हात घालू? की या वयात हे आता होणारच नाही?

ताई,

वयाचं आधी बाजूला ठेवू या. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत एबीसीडी पाचवीतच भेटायची, तेव्हा तुमच्या वयाच्या सगळ्यांची गाडी तिथूनच सुटली आहे. आणि तुम्ही काढलेलं लेटर हातात घेऊन माणसं कामावर रुजू होतात. इंग्रजी येत नसलेल्या बाईला हे जमत नाही.

आता तो लाल शेरा. त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तुम्ही फक्त पहिली मनाला लावून घेतलीत. ग्रामरचं पुस्तक, क्लास, मुलाचं हसणं, सगळं त्या एकीभोवतीच फिरतंय. बाकीच्या दोन जास्त गंभीर आहेत, आणि माझ्या मते पहिलीचं मूळही त्यांच्यातच आहे.

तुम्ही पाठवलेली चार पानं मी वाचली. पहिली दोन गुळगुळीत आहेत. एकही चूक नाही, आणि एकही वाक्य तुमचं नाही. तिसऱ्या-चौथ्या पानावर मात्र गाइडनी शाईची बाटली उपडी केलीय. कारण ही पानं तुमची आहेत. ‘आपलं इंग्रजी वाईट’ हा तुमचा निष्कर्ष नेमका इथून निघाला असणार. पण जरा उलटं बघा: चार पानांत वाचण्यासारखं जे काही आहे ते या लाल पानांवरच आहे.

तिसऱ्या पानावर तुमच्या प्रश्नावलीचं कोष्टक आहे. कामगारांनी सांगितलेल्या कारणांत सगळ्यात वर आहे दुसऱ्या पाळीची सुटायची वेळ आणि त्या वेळी न मिळणारी बस. मग ओव्हरटाइमचे पैसे उशिरा मिळणं, आणि पगार तिसरा. आणि पहिल्या पानावर, त्या गुळगुळीत मजकुरात, काय लिहिलंय? कामगार सोडून जाण्याचं मुख्य कारण कमी पगार. म्हणजे तुमचंच कोष्टक तुमच्याच पहिल्या पानाला खोटं पाडतंय. उचललेलं वाक्य दिसायला इतकं ऐटदार होतं की तुम्ही स्वतः गेटवर उभं राहून गोळा केलेली माहिती त्याच्यापुढे गप्प बसली. ‘व्हॉट इज युअर आर्ग्युमेंट’ हे गाइडनी कुत्सितपणे लिहिलंय असं तुम्हाला वाटलं. मला तो सरळ प्रश्न वाटतो. दोन्हीपैकी तुमचं म्हणणं कुठलं?

म्हणून क्रम असा असावा: आधी काय म्हणायचंय ते, मग कुणाचं काय घेतलंय त्याचा हिशेब, आणि व्याकरण सगळ्यात शेवटी. तुम्ही शेवटच्या पायरीवर आधी चढायला बघताय.

काय म्हणायचंय ते ठरवायला सध्या इंग्रजीची गरज नाही. एक पान मराठीत लिहा. ठाणे ते घणसोली गाडीत उभ्या उभ्या फोनवर लिहिलंत तरी चालेल. पटवून देण्याच्या शास्त्रावर ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलं, त्यात त्यानं तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना, आणि मुद्द्यातला तर्क. कॉलेजात इथॉस, पॅथॉस, लोगॉस म्हणून हे तिन्ही पाठ होतात आणि परीक्षेनंतर विरून जातात. तुम्ही ते वापरून बघा. तर्कासाठी स्टीफन टुलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९५८ साली मांडलेली पद्धत सोयीची आहे. दावा काय, पुरावा काय, आणि त्या पुराव्यावरून हा दावा का निघतो, हे तिन्ही स्वतंत्र लिहायचं. तुमचा दावा: पाळीची वेळ पगारापेक्षा जास्त माणसं घालवते. पुरावा: कोष्टक. तिसरी गोष्ट तुमच्या रिपोर्टात कुठेच नाही. बस चुकली तर माणूस नोकरी का सोडेल? रोज रात्री शेअर रिक्षाला जे जातं त्यात ओव्हरटाइमचा फायदाच उरत नाही, असं असेल तर ते लिहा. म्हणजे पगार आणि वेळ ही दोन कारणं मुळात एकमेकांत गुंतलेली निघतील, आणि तुमचा रिपोर्ट एकदम गंभीर होईल.

विश्वासार्हतेचं तुमच्या बाबतीत जरा अवघड आहे, आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही एचआरच्या बाई. सोडून जाणारा कामगार हिशेब हातात पडेपर्यंत एचआरसमोर मनातलं बोलेल का? ‘पगार कमी देता’ हे तोंडावर सांगण्यापेक्षा ‘मॅडम, बस मिळत नाही’ हे सोपं असतं. हा आक्षेप तोंडी परीक्षेत येणारच. तेव्हा तो तुम्हीच रिपोर्टात मांडा आणि त्यावर काय केलंत ते सांगा: प्रश्नावली निनावी होती का, ती कुणी भरून घेतली, पूर्वी सोडून गेलेल्या दोघा-चौघांशी बोलता येईल का. आपल्या माहितीतली फट आपणच दाखवली की वाचणारा विश्वास ठेवतो. भावनांचा मार्ग या रिपोर्टात बेतानं वापरा. एखाद्या कामगाराचं एक खरं वाक्य, नाव न घेता, पुरेसं आहे.

आता संदर्भांकडे. ३४ टक्क्यांनी तुमची झोप उडालीय, म्हणून आधी नियम सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत जुळणाऱ्या मजकुराचे टप्पे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून पुन्हा द्यायचं. चाळीस ते साठमध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. तुम्ही दुसऱ्या टप्प्यात आहात, म्हणजे दार उघडं आहे. कॉलेजचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो, तो विचारून घ्या.

पण त्या आकड्याला फार मान देऊ नका. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, चोरी मोजत नाही. नियमावलीनुसार अवतरणात नीट श्रेय देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळायची असते. ती वगळली गेलीय का हे बघा. याची दुसरी बाजूही आहे. एखाद्याची अख्खी कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडून नाव गाळलं तर आकडा शून्य येईल आणि उचलेगिरी मात्र पूर्ण शंभर टक्के असेल. मराठी किंवा हिंदी लेखातलं वाक्य इंग्रजीत आणून श्रेय न देणं हेही तेच. ते सॉफ्टवेअरच्या हाती लागत नाही, एवढाच फरक.

हेतू चोरीचा नव्हता हे मला मान्य आहे. वाचणाऱ्याला मात्र हेतू दिसत नाही, पान दिसतं.

काय करायचं? रिपोर्टची एक प्रत छापा आणि मार्कर घेऊन बसा. जे वाक्य तुमचं नाही ते पिवळं करा, अर्धवट तुमचं असेल तरीही. मग प्रत्येक पिवळ्या वाक्याला विचारा, हे इथे हवंय कशाला? बरीचशी वाक्यं इथेच गळतील. उरतील त्यांच्यापुढे दोनच रस्ते आहेत. शब्द जसेच्या तसे महत्त्वाचे असतील तर अवतरणचिन्हांत घ्या आणि पान क्रमांकासह श्रेय द्या. नुसता मुद्दा हवा असेल तर मूळ मजकूर वाचा, पान बंद करा, मुद्दा वहीत मराठीत लिहा, आणि त्या मराठीवरून इंग्रजी करा. मध्ये मराठी आली की मूळ इंग्रजी वाक्याचा सांगाडा आपोआप मोडतो. शेवटी मुळाशी ताडून बघा आणि श्रेय तरीही द्याच, कारण शब्द तुमचे झाले असले तरी मुद्दा त्यांचाच आहे.

श्रेय लिहायची पद्धत गाइडना विचारा. मॅनेजमेंट आणि सामाजिक शास्त्रांत बहुतेक ठिकाणी एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत चालते. तिची सातवी आवृत्ती २०१९ ची आहे. तीत मजकुरात कंसात आडनाव आणि वर्ष येतं, शब्दशः अवतरण असेल तर पानही. लेखक तिघे किंवा जास्त असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं आडनाव आणि पुढे ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’). चाळीस किंवा अधिक शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय. मजकुरात ज्यांची नावं आली ती सगळी शेवटच्या सूचीत हवीत, आणि सूचीतली सगळी मजकुरात. हे ताडायला तासभर लागतो आणि लोक तेवढंच टाळतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांना एमएलए, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत लागते, तिथे वर्षाऐवजी आडनाव आणि पान. इतिहासवाले पुष्कळदा शिकागो पद्धतीनं तळटीपा देतात, इंजिनिअरिंग आणि वैद्यकाला आकड्यांची पद्धत. कुठलीही असो, एका रिपोर्टात एकच. तुमच्या कामगारांची वाक्यं ही तुम्ही जमवलेली माहिती आहे, ती सूचीत जात नाहीत. कंपनीच्या नोंदी वापरण्याची लेखी परवानगी मात्र घ्या. आणि जे पुस्तक तुम्ही पाहिलेलंच नाही, दुसऱ्याच्या लेखात त्याचा उल्लेख वाचलाय, ते आपण वाचल्यासारखं सूचीत घालू नका. परीक्षक नेमकं तेच उचलून विचारतात.

मैत्रिणीच्या टूलबद्दल काय म्हणायचं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ते शब्द फिरवून देईल, आणि तुमच्या कोष्टकाशी भांडणारं वाक्य नव्या शब्दांत पुन्हा भांडेल. स्पेलिंग आणि आर्टिकल तपासायला सॉफ्टवेअर वापरायला माझी हरकत नाही, कॉलेजची परवानगी असेल आणि विचारलं तर सांगायची तयारी असेल तर. स्टेशनजवळच्या गृहस्थांना मात्र नमस्कार करा आणि पुढे चला. ते पैसे घेतील, पण तोंडी परीक्षेला तुमच्या जागी बसणार नाहीत.

आणि आता, शेवटी, व्याकरण. पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. नाउन, प्रोनाउन तुम्हाला येतं. चौथ्या पानावरचं हे वाक्य घ्या:

‘बीइंग द सॅलरी इज लो, द वर्कर्स आर लीव्हिंग द जॉब, दे आर नॉट हॅविंग एनी ऑप्शन.’

तुमच्या बहुतेक सगळ्या चुका या एका वाक्यात जमल्यात, त्यामुळे मला हे वाक्य आवडलंच. ‘पगार कमी असल्यामुळे’ मधलं ‘असल्यामुळे’ तुम्ही ‘बीइंग’मध्ये कोंबलंत आणि पुढे ‘इज’ही ठेवलंत, तिथे साधं ‘बिकॉज’ पुरतं. ‘सोडत आहेत’ मधल्या ‘आहेत’नं ‘आर लीव्हिंग’ आणलं. नेहमी घडणाऱ्या गोष्टीला साधा वर्तमान लागतो, आणि ‘जवळ असणे’ या अर्थाच्या ‘हॅव’ला आयएनजी लागत नाही. तिसरं, ‘जॉब’नंतरचा स्वल्पविराम. दोन्हीकडे पूर्ण वाक्यं आहेत. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडता येत नाहीत. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, किंवा स्वल्पविरामानंतर अँड, बट, सो असं काहीतरी घाला. (विरामचिन्हं मराठीत आली इंग्रजीवरूनच, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींनी ती रुजवली. पण आपण स्वल्पविराम फार सढळ हातानं वापरतो, आणि मराठीत ते खपतंही.)

शिवाय या वाक्यात एक गोम आहे जी कुठल्याच ग्रामरच्या पुस्तकात सापडणार नाही. दुसरा पर्यायच नाही, तर माणूस नोकरी सोडतोय कसा? पर्याय नसलेला माणूस टिकून राहतो. म्हणजे इथेही आधी विचार सरळ करावा लागतो. तो केला की वाक्य असं काहीतरी होईल: ‘मेनी कॉन्ट्रॅक्ट वर्कर्स लीव्ह विदिन अ यिअर. इन धिस सर्व्हे, द रीझन दे गेव्ह मोस्ट ऑफन वॉज द शिफ्ट टायमिंग, नॉट द पे.’ शब्द सगळे साधे आहेत. पहिलं वाक्य वर्तमानात, कारण ते नेहमीचं आहे. दुसरं भूतकाळात, कारण सर्व्हे होऊन गेला. घरगुती वाटतंय? वाटू दे. गाइडना हेच हवंय.

वाक्यांचे प्रकार तुम्ही शाळेत शिकलायत: केवल, संयुक्त, मिश्र. इंग्रजीतले सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स तेच, आणि शेवटच्या दोघांना एकत्र केलं की चौथा. अडचण जोड्यांची आहे. आपल्याकडे जरी म्हटलं की तरी आलंच, जर म्हटलं की तर. ती सवय इंग्रजीत गेली की ‘ऑल्दो’ च्या मागे ‘बट’ आणि ‘बिकॉज’ च्या मागे ‘सो’ येतं. इंग्रजीत जोडीतला एकच ठेवायचा. तुमच्या दोन पानांत हे मला चारदा दिसलं. गौण वाक्य आधी आलं तर त्याच्यानंतर स्वल्पविराम, मागून आलं तर बहुतेकदा नको. बाकी, लांब मिश्र वाक्यांची रांग लागली की मध्ये एक छोटं केवल वाक्य टाका. वाचणाऱ्याला श्वास मिळतो.

आर्टिकलचं शेवटी बघा. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे ती लिहिताना सुचत नाहीत, तपासतानाच सापडतात. एक फेरी फक्त त्यांच्यासाठी: मोजता येणारं प्रत्येक एकवचनी नाम अधोरेखित करा आणि मागे ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’, ‘धिस’ असं काही आहे का बघा. दुसरी फेरी कर्ता-क्रियापदाची. ‘द लिस्ट ऑफ वर्कर्स आर’ असं तुम्ही लिहिलंय. क्रियापद लिस्टचं आहे, वर्कर्सचं नाही, म्हणून ‘इज’. तिसरी फेरी ‘डिस्कस अबाउट’ सारख्या फुकटच्या शब्दांची. एका फेरीत एकच चूक शोधायची. सगळ्या एकदम शोधायला गेलात तर एकही सापडत नाही.

स्पोकन इंग्लिशचा क्लास वाईट नाही, पण तिथे बोलणं शिकवतात आणि तुमची अडचण लिहिण्याची आहे. डिग्री हातात पडल्यावर हौस म्हणून लावा. मुलाला मात्र कामाला लावा. त्याला वाक्यं मोठ्यानं वाचायला आवडतातच, तर वाचू दे. त्याच्या कानाला आर्टिकल खटकेल ते पेन्सिलीनं खुणावायला सांगा. ‘बट’ आधी स्वल्पविराम का, हे विचारलंत तर त्याला बहुधा सांगता येणार नाही. ते तुम्ही त्याला सांगा.

याच आठवड्यात गाइडना एक मेल टाका, इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत. चार गोष्टी विचारा: संदर्भांची कुठली पद्धत आणि कुठली आवृत्ती, जुळणाऱ्या मजकुराची कॉलेजची मर्यादा किती, प्रश्नावली आणि संदर्भसूची तपासणीतून वगळणार का, आणि सुधारित प्रतीआधी एक पानाचा सारांश ते बघतील का. शेवटच्याला हो म्हणाले, तर मराठीत लिहिलेलं ते पान इंग्रजीत करून त्यांना पाठवा. बाकीची पानं तोवर तशीच राहू द्या.